तालमीच्या हॉलला एक पडदा हवाय

कोल्हापुरातल्या सगळ्या तालीम मंडळांचे अध्यक्ष, कार्यकर्ते आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसणाऱ्या माझ्या भावांनो, पोरांनो,

सप्रेम नमस्कार.

मी पेठेत ब्लाउज शिवते. एकतीस वर्षं झाली. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या आयांची, बायकांची, बहिणींची मापं माझ्या वहीत आहेत. लग्नाच्या शालूवरचा ब्लाउज, डोहाळजेवणाला शिलाई उसवून सैल केलेला, बाळंतपणानंतर परत आत घेतलेला, सगळे माझ्या मशिनीखालून गेलेत. बाईच्या छातीभोवती टेप धरायचा मान घरच्यांनंतर आम्हालाच असतो. त्यामुळं तुम्हाला जे घरात कुणी सांगत नाही ते आम्हाला ट्रायलच्या पडद्याआड कळतं.

दुसरं असं की २०२० च्या ऑगस्टमध्ये कर्करोगामुळं माझा डावा स्तन काढला.

हा शब्द मी मुद्दाम पुरा लिहिलाय. आपल्याकडं "तिला तसलं कायतरी झालंय" म्हणतात, "वरचं ऑपरेशन" म्हणतात. हे पत्र तालमीच्या फळ्यावर लागलं तर काहीजण इथंच मान खाली घालून पुढं जातील. जाऊ नका. त्या एका शब्दापाशी घरातलं बोलणं थांबतं, आणि ते थांबलं की महिने जातात. मला तुमच्याकडं त्या महिन्यांबद्दलच बोलायचंय.

माझ्या हाताला गाठ लागली ती २०१९ च्या मे महिन्यात, अंघोळ करताना. आवळ्याएवढी, कडक, दाबली तरी दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून मी निवांत राहिले. जूनमध्ये ओळखीच्या एका दवाखान्यात गेले. त्यांनी ब्लाउजवरूनच हात लावल्यासारखं केलं, "दुखत नाही ना? मग चरबीची असेल," म्हणाले आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. ऑगस्टमध्ये पूर आला. अर्धं शहर पाण्यात, तुम्ही पोरं रात्रंदिवस माणसं काढत होता, तेव्हा मी माझी गाठ कुठं काढून बसणार? मग गणपती आले, नवरात्र आलं, दिवाळीची शिलाई आली. डिसेंबरात आरशासमोर हँगरला ब्लाउज लावायला हात वर केला आणि डाव्या बाजूला कातडीला खळी पडलेली दिसली. उशीवर बोट टेकवल्यावर पडते तशी. कापड आतून ओढलं गेलं की वर सुरकुती येते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक! तरी अजून तीन आठवडे गेले. नवऱ्याला सांगायला शब्द सापडेना.

निदान झालं जानेवारी २०२० मध्ये. बाईनं पहिल्यांदा दवाखाना गाठल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पक्कं व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझे दोनशेच्या वर दिवस गेले. मी मुंबई-पुण्यापासून दूर कुठल्या डोंगरात राहत नव्हते. कोल्हापुरात राहत होते. सीपीआर हे सरकारी रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

आता जे सांगते ते मी आजवर कुणाजवळ बोलले नाही.

माझी केमो चालू असताना मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. रिक्षा बंद, बस बंद. आपल्याच एका तालमीतल्या पोरानं पास काढला आणि त्याच्या गाडीतनं मला शहराबाहेरच्या रुग्णालयात नेलं, आणलं. सहा वेळा. एकदाही डिझेलचे पैसे घेतले नाहीत. डोक्यावरून पदर घट्ट धरून मी मागच्या सीटवर बसायची. "मावशी, काय त्रास होतोय नेमका?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, पोटाचं आहे. पुढं त्यानं परत विचारलं नाही. चांगल्या घरचं पोर, त्याला वाटलं असेल, मावशीला सांगायचं नाही.

त्याची आई माझी जुनी गिऱ्हाईक. त्या वर्षी दिवाळीला ती दोन ब्लाउज घेऊन आली, उजवा मुंढा घट्ट होतोय, जरा उसवून दे म्हणाली. उसवताना उजव्या बाजूच्या अस्तरावर मला डाग दिसला, तांबूस, रुपयाएवढा. मी विचारलं. ती म्हणाली, कुंकू लागलं असंल. एव्हाना मला सगळं माहीत झालं होतं. स्तनाग्रातून आपोआप रक्ताळ पाणी येणं म्हणजे काय असू शकतं हे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं. मी तिला "एकदा दाखवून ये गं" इतकंच म्हटलं, तेही हळू आवाजात. माझा पदर बाजूला करून, हे बघ, मला काय झालंय, आज जा, असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. "पोराचं लग्न उरकू दे," ती म्हणाली. मी मुंढा उसवून दिला.

२०२१ च्या पुरानंतर तिला दाखवायला नेलं तेव्हा आजार हाडांत गेला होता. पुढं दीड वर्ष ती होती. तो पोरगा आजही तालमीत येतो. हे पत्र तो वाचेल. बाळा, तुझ्या गाडीत मी सहा वेळा बसले. पहिल्याच दिवशी खरं बोलले असते तर तू घरी जाऊन आईला विचारलं असतंस.

भारतात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग सगळ्यात जास्त आढळतो. २०२२ सालच्या अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना तो झाला आणि ९८ हजारांच्या वर गेल्या. आपल्याकडं तो परदेशापेक्षा जवळजवळ दहा वर्षं आधी, चाळिशी-पन्नाशीत गाठतो, म्हणजे बाई घर उचलून धरते त्या वयात. हा आजार लवकर सापडला तर बहुतेकजणी बऱ्या होतात. तरीही इतक्या जणी जातात, कारण आपण उशिरा पोचतो.

खुणा तुम्हालाही माहीत असाव्यात, कारण बायको कधीतरी अंधारात तुम्हालाच विचारते, "इथं काय लागतंय का बघा." स्तनात किंवा काखेत गाठ, बहुतेक वेळा न दुखणारी. एका बाजूचा आकार बदलणं. कातडीला खळी पडणं, किंवा संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं दिसणं. स्तनाग्र नव्यानं आत ओढलं जाणं. त्यातून न दाबता पाणी किंवा रक्त येणं. स्तनाग्रावर खरूज-नायट्यासारखं काहीतरी होणं आणि मलम लावूनही न जाणं. स्तन लाल, गरम होऊन सुजणं. अंगावर पाजणाऱ्या बाईला असं झालं की "दूध साकळलंय" म्हणतात आणि बहुतेकदा ते खरंच तेवढंच असतं. पण औषध घेऊन दोनेक आठवड्यांत उतरलं नाही तर सोनोग्राफी करून घ्यायलाच हवी. पाळीच्या आधी दोन्ही बाजू जड होतात, ठणकतात, त्याचा कर्करोगाशी सहसा संबंध नसतो. आपण ज्याची भीती घेतो ते दुखणं बहुतेकदा साधं निघतं, आणि न दुखणाऱ्या गाठीला आपण दुधाची, चरबीची, वाताची म्हणून नावं ठेवून सोडून देतो. माझं तेच झालं.

तितकंच खरं हेही की बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. कॉलेजच्या पोरींना होणारी सुटी, हाताखाली सरकणारी गाठ बहुधा साधी असते. कुणाला पाण्याची गाठ असते. पण ती साधी आहे हे तपासणीनं ठरतं. सासूनं, शेजारणीनं किंवा माझ्यासारख्या शिलाईवालीनं ते ठरवायचं नाही.

गिऱ्हाईक बायका मला हमखास विचारतात, "काकू, घट्ट ब्लाउजनं होतो का हो?" नाही होत. काळ्या ब्रेसिअरनं होत नाही, ब्लाउजमध्ये पाकीट किंवा मोबाईल ठेवल्यानं होत नाही, मार लागल्यानं होत नाही. एका ताटात जेवल्यानं, एक टॉवेल वापरल्यानं लागत नाही. वय वाढेल तसा धोका वाढतो. आई-बहिणीला झाला असेल तर जास्त सावध राहावं लागतं, पण ज्यांना होतो त्यातल्या बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो. माझ्याही घरात नव्हता. "आमच्यात कुणाला न्हाई" या वाक्यावर कुणी विसंबू नये. आणि पोरांनो, शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. स्तनाग्रामागं कडक गाठ लागली तर तुम्हीही लाजू नका.

तपासणीची भीती तर आजारापेक्षा मोठी करून ठेवलीय, म्हणून ती सविस्तर सांगते. आधी डॉक्टर हातानं तपासतात, दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा. मग मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन पट्ट्यांमध्ये स्तन दाबतात, काही सेकंद चिमटल्यासारखं होतं. तरुण पोरींचे स्तन घट्ट असल्यामुळं त्यात नीट दिसत नाही, त्यांची आधी सोनोग्राफी करतात. रिपोर्टवर बायरॅड्स असं लिहून पुढं संशय किती आहे ते सांगणारा आकडा असतो. तो चार किंवा पाच असेल तर घरी बसायचं नाही, तुकडा काढून तपासायचाच. त्याला बायोप्सी म्हणतात. जागा बधिर करतात, सुई आत जाते आणि स्टेपलरसारखा खट् आवाज होतो. तीन-चार वेळा खट्, की झालं. मी त्याच दिवशी घरी येऊन भाकरी थापल्या.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे वाक्य मी निदान वीस जणांकडून ऐकलंय, त्यात शिकलेलेही होते. हे खोटं आहे. सुईनं तो पसरत नाही. सुई न लावल्यानं मात्र तो आपल्या गतीनं पसरत राहतो. दुसरी एक चूक मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. एका बाईची गाठ तपासणी न करताच "छोटंसं ऑपरेशन" म्हणून काढून टाकली आणि मग कळलं की कर्करोग होता. आधी सुईनं निदान झालं असतं तर काय काढायचं, किती काढायचं, आधी औषध द्यायचं का, हे ठरवता आलं असतं. तिला परत टेबलावर जावं लागलं. कुणी घाईनं "काढून टाकू" म्हणालं तर एवढंच विचारा, बायोप्सीचा रिपोर्ट कुठाय?

त्या तुकड्यावर पुढं आणखी तपासणी होते. ईआर आणि पीआर म्हणजे पेशीतल्या संप्रेरकांच्या, हार्मोन्सच्या खुणा, आणि हर-टू म्हणजे पेशीवरचं एक प्रथिन. कपडा सुती आहे का रेशमी हे कळल्याशिवाय इस्त्री कुठल्या नंबरावर ठेवायची ते कळत नाही, तसंच हे. पहिले दोन पॉझिटिव्ह असतील तर आजार संप्रेरकांवर पोसला जातोय, म्हणून पाच ते दहा वर्षं रोज एक गोळी घ्यावी लागते. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्याचं वेगळं इंजेक्शन असतं, सहसा वर्षभर. ते पूर्वी फार महाग होतं, आता भारतात बनलेली आवृत्ती मिळते. तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्या गोळीचा आणि त्या इंजेक्शनचा उपयोग नसतो, मुख्य भार केमोवर येतो. म्हणून शेजारणीला काय दिलं ते आपल्याला का देत नाहीत, असं भांडू नये. आजाराचं नाव एक असलं तरी प्रत्येकीचं कापड वेगळं.

माझी गाठ चार सेंटिमीटरची होती आणि काखेतल्या गाठींतही आजार होता. म्हणून आधी आठ केमो दिल्या, मग शस्त्रक्रिया, मग तीन आठवडे रेडिएशन. केमोनं केस जातात, तोंड येतं, जेवणाची चव जाते. मला तांबड्या रश्श्याचा वास सोसेना, आणि हे कोल्हापुरात! केस परत येतात. ताप आला तर मात्र रात्र काढायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचं, कारण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात.

सगळ्यांचा स्तन काढावाच लागतो असं नाही. बायका या भीतीनंच जात नाहीत. गाठ लहान असताना पोचलं तर गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढतात, स्तन राहतो, पुढं रेडिएशन देतात. अमेरिकेत आणि इटलीत असे उपचार झालेल्या बायकांवर वीस-वीस वर्षं लक्ष ठेवून २००२ मध्ये निष्कर्ष छापले गेले. स्तन वाचवून रेडिएशन घेतलेल्या बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका, दोघी सारख्याच जगल्या. माझ्या एका गिऱ्हाईक पोरीनं गाठ लागल्यावर चौथ्या दिवशी आईला सांगितलं, महिन्याभरात उपचार सुरू झाले. तिच्या ब्लाउजचं माप मी आजही जुन्याच वहीतलं वापरते.

काखेतल्या गाठी काढल्या की हात वर न्यायला जड जातं, काहींचा सुजतो. मला मशिनीची काळजी. व्यायाम सांगितला होता, भिंतीवर बोटांनी चढत जायचं. माझा नवरा शिरोलीत फाउंड्रीत कामाला, अबोल माणूस. तो रोज संध्याकाळी कामावरून आला की पेन्सिल घेऊन भिंतीपाशी उभा राहायचा आणि माझं बोट पोचेल तिथं रेघ मारायचा. पोराची उंची मोजतात तशी. त्या रेघा आम्ही रंगकामात पुसू दिल्या नाहीत. गाठीचं त्याला सांगायला मला महिनोन् महिने शब्द सापडला नव्हता, आणि त्यानं एक शब्द न बोलता माझा हात वर नेला. म्हणून मी पुरुषांना लिहितेय. तुम्हाला यातलं काही कळत नाही असं बायकांना वाटतं, आणि हे आपलं काम नाही असं तुम्हाला वाटतं. मधल्या मध्ये गाठ वाढते.

आता माझी मागणी.

तुमच्या तालमीच्या वरच्या मजल्यावरचा हॉल महिन्यातून एक दुपार आम्हाला द्या. दोन ते चार, तुमचा जोर-बैठकांचा वेळ नसतो तेव्हा. आखाड्याच्या मातीला आम्ही हात लावणार नाही. तिथं महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रातल्या प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टर येतील यासाठी तुम्ही जाऊन बोला. तुमचं बोलणं ऐकतात, आमचा अर्ज फायलीत पडतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईची स्तन, तोंड आणि गर्भाशयमुखाची तपासणी हा सरकारचा चालू कार्यक्रम आहे, नवीन काही मागायचं नाहीये. पण बाई केंद्रावर जात नाही. तालीम तिच्या गल्लीच्या तोंडाशी आहे.

यंत्राशिवाय नुसत्या हातानं तपासून काय होणार, असं कुणी म्हणेल. मुंबईत टाटा रुग्णालयानं १९९८ पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्यांची तपासणी प्रशिक्षित महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी केली, फक्त हातानं. २०२१ मध्ये निकाल आला. तपासणी झालेल्या बायकांत आजार आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्यांत या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यू घटल्याचं दिसलं नाही, हेही सांगायला हवं. त्यांना खुणा ओळखून लगेच जाणं हाच मार्ग. शिकवलेला हात, एक पडदा आणि वेळेवर येणारी सिस्टर, एवढ्यावर ते काम झालं.

शिबिर मात्र घेऊ नका. म्हणजे आपण ज्याला शिबिर म्हणतो तसं. चौकात फ्लेक्स, पाहुण्यांचा सत्कार, रांगेतल्या बायकांचे फोटो. माझ्या माहितीतल्या एका शिबिरात एकीला गाठ सापडली, चिठ्ठी दिली, आणि ती चिठ्ठी वर्षभर देवघरातल्या पोथीत राहिली. कुणी विचारलंच नाही. फोटो नको, ग्रुपवर नावं नकोत. एक वही हवी, आशाताईंकडं किंवा महिला मंडळातल्या एखादीकडं राहील अशी. जिला पुढं जायला सांगितलं ती दोन आठवड्यांत गेली का, सुई झाली का, रिपोर्ट आला का. नसेल गेली तर तिच्या घरी जाऊन बसायचं.

कागदपत्रांत तुमच्याइतका हात कुणाचा चालत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन बसतं, पाच लाखांपर्यंत, आणि आता रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असलं तरी चालतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटायचं. पण आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि तिसऱ्या कागदावर नुसतंच "आक्काताई". या एका कारणानं बायकांचे आठवडे जातात. दाखल्यांसाठी तुम्ही रांगा लावता, तसा पेठेतल्या बायकांची नावं एकसारखी करायचा एक आठवडा लावा. आजार व्हायच्या आधीच.

गाड्या तुमच्याकडं आहेतच. उपचार सहा-आठ महिने चालतात, रेडिएशनला रोज जावं लागतं, रोजंदारीवरचा नवरा किती खाडे करणार? पाळी लावून सोबत द्या. शिवजयंतीला रक्तदान करता, त्यातलं रक्त केमो चालू असलेल्यांनाही लागतं, हे पुढच्या वेळी माईकवरून सांगा. शब्द उच्चारून सांगा. आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. जे घराच्या आत कुजबुजत बोललं जायचं ते चारचौघांत मांडलं, आणि पाठोपाठ सरकारनं राज्यभरातल्या गावांना तेच करायला सांगितलं. आपली पेठही त्याच जिल्ह्यातली आहे.

उपचार संपल्यावरही लक्ष ठेवा. ज्यांना संप्रेरकांवरची गोळी दिलीय त्यांना ती रोज घ्यायची असते, पाच वर्षं, काहींना दहा. अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात, आणि "आता बरं वाटतंय की" म्हणून बायका ती मधेच बंद करतात. गोळी काही महाग नसते, स्वस्त असते. घरातल्या पुरुषानं रात्री "घेतलीस का?" एवढं विचारलं तरी पुष्कळ.

आणि ज्यांचा स्तन काढलाय त्यांना माझ्याकडं पाठवा. मी आतून खिसा असलेला ब्लाउज शिवते. खिशात मऊ सुती कापडाची वाटी, त्यात कापूस आणि वजनासाठी मोहरी. वजन लागतंच, नाहीतर एक खांदा वर चढतो आणि पाठ धरते. हे मी स्वतःवर करत करत शिकले. आत्तापर्यंत चौदा जणींना शिवून दिलेत, शिलाई घेत नाही.

हॉलसाठी पडदाही मीच शिवून देते. जाड कापडाचा, दुहेरी, आरपार दिसणार नाही असा, वर कड्या लावलेला, म्हणजे तुमचं काम संपलं की काढून घडी करता येईल. कापड माझं. तुम्ही फक्त छताला दोन हुक मारून ठेवा. मापं घ्यायला मी येत्या बुधवारी दुपारी अडीच वाजता टेप घेऊन येते, शिवाजी पेठेपासून सुरुवात करते. दार उघडं ठेवायला कुणाला तरी सांगून ठेवा.

तुमची,
पेठेतली शिलाईवाली मावशी